एका अंगावर फूट, दुसऱ्या अंगावर मीटर: हायवेच्या कामासाठी शंभर फुटी फायबर टेप

अमेरिकेत हायवेच्या कामावर असणाऱ्या, किंवा एमएस संपवून आता साइटवर उतरणाऱ्या मराठी इंजिनिअरांनी पदरच्या पैशाने पहिली वस्तू कुठली घ्यावी असं कुणी विचारलं, तर मी हा टेप सांगतो. शंभर फुटी, फायबरग्लासचा, उघड्या रिळाचा. एका अंगावर फूट आणि फुटाचे दशांश-शतांश, उलट्या अंगावर मीटर. मी ॲरिझोनात टुसॉनच्या आसपास रस्त्याच्या कामांवर निरीक्षक आहे. त्याआधी सांगली-कोल्हापूरकडे एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर होतो. दोन्हीकडे टेप भरपूर वापरले, झिजवले, टाकूनही दिले. त्यातली ही एकच जात अशी आहे की हरवली तर मी त्याच दिवशी दुसरा मागवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा माल बऱ्याच कंपन्या करतात आणि मी इथे या जातीबद्दलच सांगतो आहे.

घेताना सगळ्यात आधी आकड्यांची पट्टी बघा. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मांडणीवर बहुतेक टेप फूट-इंचाचेच असतात. ते सुताराला आणि घरबांधणीला ठीक. रस्त्याच्या ड्रॉइंगमध्ये लांबी, लेव्हल, ऑफसेट (म्हणजे ठरावीक रेषेपासून बाजूला मोजलेलं अंतर) हे सगळं फुटाच्या दशांशात असतं. त्यासाठी वेष्टनावर ‘इंजिनिअर्स स्केल’ किंवा दशांश-शतांश असं छापलेलं पाहिजे. सर्व्हेचं सामान विकणाऱ्या दुकानात तो हमखास मिळतो. हातात घेऊन खात्री करायची तर एका फुटाच्या आतले मोठे आकडे मोजा: नवापर्यंत गेले की पुढचा फूट लागला, तर टेप आपल्या कामाचा. अकरापर्यंत गेले तर परत ठेवा.

हा फरक किती नडतो ते गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या नाशिकच्या एका मुलाने मला विचारलेल्या प्रश्नात आहे. फुटपाथच्या कडेपासून विजेच्या खांबाचा ऑफसेट त्याला आखायचा होता. “दादा, ड्रॉइंगवर ५.६ फूट आहे. म्हणजे पाच फूट सहा इंच ना?” त्याने विचारलं हे फार बरं केलं. ५.६ फूट म्हणजे पाच फूट आणि सात इंचांहून थोडं जास्त. सव्वा इंचाची चूक खांबाच्या पायात गेली की ती काँक्रीट फोडूनच निघते. मी त्याच्या हातात हा टेप दिला आणि म्हटलं, “हिशेब करूच नकोस. कागदावर ५.६ आहे ना, टेपवर ५.६ बघ आणि खूण कर.” टेपचं खरं काम हेच आहे. साइटवर उन्हात उभं राहून, एका हातात पेन्सिल धरून केलेला गुणाकार-भागाकार जितका टळेल तितका बरा.

आपल्याकडून येणाऱ्यांना शतांश समजायला एक सोपी वाट आहे, आणि ती मला इथल्या कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. आपले गवंडी आणि फिटर ज्याला सूत म्हणतात, तो इंचाचा आठवा भाग. फुटाचा शंभरावा भाग जवळपास तेवढाच भरतो: ०.०१ फूट म्हणजे ०.१२ इंच, आणि सूत म्हणजे ०.१२५ इंच. मिलिमीटरमध्ये दोन्ही तीनच्या आगेमागे. त्यामुळे इथला फोरमन लेव्हल दोन शतांशाने वर आहे म्हणाला की दोन सूत वर आहे असं समजायचं, चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं. सळयांचंही तेच. इथली चार नंबरची सळई म्हणजे आपली चार सुती, पाच नंबरची म्हणजे पाच सुती. आपल्या जुन्या बार बेंडरांची मोजणी आणि अमेरिकेची मोजणी एकाच इंचातून निघाली आहे.

आता उलट्या अंगाकडे येतो, कारण दोन अंगांच्या टेपसाठी जास्तीचे पैसे का द्यायचे याचं उत्तर तिथे आहे. अमेरिकेत सगळं फुटात, मग मीटरची बाजू कशाला, असं नवीन माणसाला वाटतं. पण इथले काही रस्ते आणि पूल मीटरमध्ये जन्मलेले आहेत. १९७५ साली मेट्रिकचा कायदा झाला, तो ऐच्छिक होता. १९८८ साली संसदेने मेट्रिकला पसंतीची पद्धत ठरवलं, १९९१ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांना कामाला लावलं. केंद्राच्या हायवे प्रशासनाने राज्यांना ३० सप्टेंबर १९९६ ही मुदत दिली: त्यानंतर केंद्राच्या पैशाचं प्रत्येक काम मीटरमध्ये. राज्यांनी मॅन्युअल पुन्हा लिहिली, मानक ड्रॉइंग पुन्हा काढली, माणसं शिकवली. मग १९९५ च्या कायद्याने मुदत २००० पर्यंत ढकलली आणि १९९८ च्या कायद्याने सक्तीच काढून टाकली. एकेक करत राज्यं फुटाकडे परतली. इतकी मेहनत झाल्यावर, ड्रॉइंगं तयार असताना, माणसं सरावलेली असताना मागे फिरणं हे मला आजही हळहळण्यासारखं वाटतं. भारताने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने हेच केलं आणि ते तडीस नेलं.

त्या मधल्या वर्षांत बांधलेले पूल आणि मोऱ्या मात्र जागच्या जागी आहेत. आता त्यांचं रुंदीकरण आणि दुरुस्ती निघते आहे. आणि इथे हा टेप नुसता उलटा केला तरी कामाची गोष्ट सांगून जातो.

अशाच एका जुन्या पुलावर कठड्याच्या आतल्या बाजूपासून समोरच्या कठड्यापर्यंत आम्ही माप घेतलं. दोन लेन बारा-बारा फुटांच्या, दोन्ही कडेचे शोल्डर, म्हणजे लेनबाहेरच्या मोकळ्या पट्ट्या, आठ-आठ फुटांचे, म्हणजे चाळीस फूट भरायला हवेत. भरले ३९.३७. बरोबरचा पोरगा लगेच म्हणाला, जुन्या ठेकेदाराने साडेसात इंच खाल्ले. मी टेप उलटा करून परत ताणायला सांगितला. बारा मीटर, बरोबर. मेट्रिकच्या काळात बारा फुटांची लेन ३.६ मीटरची धरली गेली आणि आठ फुटांचा शोल्डर २.४ मीटरचा. दोन लेनचे ७.२ आणि दोन शोल्डरचे ४.८ मिळून बारा. ठेकेदाराने एक सूतही चोरलेलं नव्हतं, त्याने ड्रॉइंगप्रमाणेच पूल बांधला होता. खरं बघितलं तर बारा फूट म्हणजे ३.६५७६ मीटर. तो आकडा जसाच्या तसा लिहिला असता तर फक्त एकक बदललं असतं आणि रस्ता तेवढाच राहिला असता. पण मेट्रिकचा फायदा गोल आकड्यांमध्ये आहे म्हणून ३.६ केलं, आणि त्यामुळे प्रत्यक्ष काँक्रीटची रुंदी बदलली.

साडेसात इंचांनी काय होतं, असं विचारणाऱ्याने कधी चालू वाहतुकीत पूल रुंद केलेला नसावा. अर्ध्या पुलावरून गाड्या सोडायच्या, उरलेल्या अर्ध्यावर तोडफोड करायची. मधे काँक्रीटचा तात्पुरता अडसर ठेवायचा, तो पायथ्याशी साधारण दोन फूट. त्यामागे मजुराला उभं राहायला जागा हवी, काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवायला जागा हवी. हा सगळा हिशेब चाळीस फूट धरून केला आणि जागेवर साडेसात इंच कमी निघाले, तर ते इंच गाड्यांच्या लेनमधून तरी जातात, नाहीतर मजुराच्या पाठीमागून. म्हणून मी आमच्या सगळ्या पोरांना सांगतो की जुन्या कामावर पहिलं माप दोन्ही अंगांनी घ्या. ज्या अंगावर गोल आकडा येतो, त्या अंगाने तो पूल बांधलेला आहे, आणि मग पुढची सगळी मापं त्याच अंगाने घ्या. ३९.३७ हा आकडा तर पाठच करून ठेवावा. मीटरचे इंच ३९.३७, म्हणून बारा मीटरचे फूटही ३९.३७. हा दिसला की टेप उलटायचा.

जुनी ड्रॉइंगं हाती आली तर टेप ताणण्याआधीच एक खूण सापडते. इथे रस्त्याची साखळी, म्हणजे सुरुवातीपासून मोजलेलं अंतर, शंभर फुटांच्या टप्प्यांनी (त्यांना स्टेशन म्हणतात) चालते आणि अधिकच्या चिन्हानंतर दोन आकडे असतात. १४३+५० म्हणजे १४,३५० फूट. मेट्रिकच्या ड्रॉइंगांवर बहुतेक ठिकाणी चिन्हानंतर तीन आकडे दिसतात: ४+३५० म्हणजे चार किलोमीटर साडेतीनशे मीटर. आपल्या बांधकाम खात्याची सा.क्र. (साखळी क्रमांक) ४/३५० वाचत वाढलेल्या माणसाला हे दुसरं रूप बघून घरी आल्यासारखं वाटेल. तीन आकडे दिसले की मीटरचं अंग वर करा. पाइपांचे चेंबर ३० मीटरवर दाखवलेले असतील आणि तुम्ही शंभर फुटांवर शोधत बसलात, तर पहिलं झाकण दीड फुटाने चुकेल आणि दहावं तब्बल पंधरा-सोळा फुटांनी.

टेपच्या बनावटीबद्दल. दोन प्रकार मिळतात. एकात फूट आणि मीटर एकाच अंगावर, वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला दुसरं. दुसऱ्यात दोन वेगळी अंगं. मी ठामपणे दुसरा घ्यायला सांगेन. एकाच अंगावर दोन पट्ट्या असल्या की वाकून वाचताना, डोळ्यांत घाम गेलेला असताना, नजर खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर सरकते आणि कुणाला कळतही नाही. वेगळ्या अंगांच्या टेपमध्ये दुसरं एकक वाचायचं तर मुद्दाम मनगट वळवावं लागतं, आणि ते वळवताना माणूस क्षणभर विचार करतो. माझ्या टेपवर फुटाच्या बाजूला शतांशापर्यंत खुणा आहेत, मीटरच्या बाजूला दोन-दोन मिलिमीटरच्या. रस्त्याच्या कामाला एवढी बारकाई पुरते. पूर्ण फुटाचा आकडा लाल रंगात आहे, तो लांबूनही दिसतो.

शून्य कुठे आहे ते मात्र नव्या टेपचं वेष्टन फोडल्याबरोबर बघा. काही टेपांचा शून्य टोकाच्या कडीच्या बाहेरच्या कडेला असतो, काहींचा कडीच्या आत पट्टीवर छापलेल्या रेघेला. दोन्ही अंगांचा शून्य एकाच जागी आहे ना, हेही तिथल्या तिथे तपासा. खुणा नीट दिसणाऱ्या एखाद्या जुन्या टेपशेजारी नवा टेप धरून पाहिला की शंका मिटते.

फायबर टेपच्या मर्यादा सगळ्यांना लागू आहेत. जोराने ओढला की ताणतो. शंभर फुटांवर दोन धिप्पाड माणसांनी हिसका देऊन घेतलेलं माप लांबी कमी दाखवतं, म्हणून ओढ बेताची ठेवावी. वाऱ्यात पोट सुटतं, त्यामुळे लांब मापाला तो जमिनीलगत धरावा. अगदी अचूक काम असेल, म्हणजे पुलाच्या बेअरिंगच्या (गर्डर टेकतो त्या आधारांच्या) मध्यरेषा किंवा गर्डरची लांबी, तर स्टीलचा टेप घ्यावा किंवा सरळ टोटल स्टेशन, म्हणजे सर्व्हेचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, लावावं. स्टीललाही उष्णता मोजावी लागते: त्याचं माप ६८ अंश फॅरनहाइटला खरं असतं, आणि टुसॉनच्या १०८ अंशांत शंभर फुटांमागे सुमारे ०.०२६ फूट, म्हणजे आठ मिलिमीटर, फरक पडतो. रोजच्या निरीक्षणात, म्हणजे रुंदी, अंतर, ट्रेंचची लांबी, बिलासाठी केलेली मोजणी, यात फायबर टेप कुठेच कमी पडत नाही. चिखलात लोळवा, डांबराच्या कडेला टाका, विजेच्या तारांजवळही तो स्टीलपेक्षा बरा. पट्टी ओली असेल तर मात्र तेवढा भरवसा ठेवू नका.

एक गोष्ट कुठलाच टेप सांगू शकत नाही, आणि इथल्या नव्या माणसाला ती माहीत पाहिजे. अमेरिकेत फूटही दोन होते. १९५९ पासूनचा आंतरराष्ट्रीय फूट नेमका ०.३०४८ मीटरचा, आणि सर्व्हेवाल्यांचा जुना फूट १२०० भागिले ३९३७ मीटरचा. फरक दहा लाखांत दोन भाग. शंभर फुटांच्या टेपवर तो केसाएवढाही दिसत नाही. पण को-ऑर्डिनेटमध्ये, म्हणजे नकाशावरची जागा सांगणाऱ्या मोठ्या आकड्यांमध्ये, दिसतो. ॲरिझोनाने पूर्वीच आंतरराष्ट्रीय फूट घेतला. इथल्या राज्य-पद्धतीच्या को-ऑर्डिनेटमध्ये झोनच्या मध्यरेषेचा ईस्टिंग (पूर्वेकडे मोजायचा आकडा) २,१३,३६० मीटर धरलेला आहे, म्हणजे बरोबर ७,००,००० फूट. सॉफ्टवेअरमध्ये चुकून जुना फूट निवडला तर सगळा रस्ता १.४ फुटांनी सरकतो. सर्व्हेचा फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बंद झाला, पण तो वापरणाऱ्या राज्यांच्या जुन्या फायली त्याच फुटात आहेत. म्हणून खुंट्या ठोकल्यावर जुन्या एखाद्या चेंबरपासून टेपने एक माप घेऊन ताडा. दीड फुटाच्या आसपास तफावत सगळीकडे एकाच दिशेने आली, तर आधी फूट कुठला निवडलाय ते बघा.

सळयांसाठी हा टेप नाही, पण दोन एककांचा गोंधळ तिथे सगळ्यात जास्त असल्याने लिहून ठेवतो. मेट्रिकच्या लाटेत इथल्या गिरण्यांनी सळईवर मिलिमीटरचे आकडे उठवायला सुरुवात केली. सळई तीच, शिक्का नवा: चार नंबरवर १३, पाचवर १६, सहावर १९, आठवर २५. ड्रॉइंगवर पाच नंबर आणि सळईवर १६ दिसलं तर माल बरोबर आहे. आपली १६ची सळई आणि ही जवळपास सारखीच. पण १९ आणि आपली २० एक समजू नका. सहा नंबरचं क्षेत्रफळ २८४ चौरस मिलिमीटर, आपल्या २०चं ३१४. दहा टक्के लोखंड कमी. तपासणीला या टेपबरोबर व्हर्निअर ठेवा. आणि खिशात फूट-इंचाचा एक पंचवीस फुटी टेपही ठेवा, कारण गार्डरेलची, म्हणजे रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याची, उंची आजही ३१ इंच अशीच सांगितली जाते. गार्डरेलच्या खांबांमधलं अंतर सहा फूट तीन इंच. ते दशांशाच्या टेपवर ६.२५ म्हणून छान बसतं, पण ३१ इंच २.५८ वर शोधत बसण्यात अर्थ नाही.

टुसॉनहून नोगालेसकडे जाणाऱ्या आय-१९ या हायवेने गेलात तर दोन एककं शेजारी शेजारी नांदताना दिसतील. अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये, एक्झिटचे आकडे किलोमीटरवरून, वेगमर्यादा मात्र मैलात. २०१० च्या सुमारास पाट्या मैलात करण्याचा बेत होता, पण गावोगावच्या व्यापाऱ्यांनी एक्झिट नंबर बदलायला विरोध केला आणि तो बारगळला. मला तो रस्ता फार आवडतो. किलोमीटर वाचून कुणी वाट चुकत नाही हे तिथे रोज दिसतं.

आता थोडं आपल्याकडचं. सुट्टीत सांगलीला जाताना मी असाच एक टेप आमच्या जुन्या मुकादमांसाठी, तात्यांसाठी, नेला. रस्त्याची मोजणी तिकडे मीटरमध्ये, ती उलट्या अंगाने झाली. पण खडी, वाळू, मुरूम अजून ब्रासमध्ये येतात, म्हणजे शंभर घनफुटांत, आणि ट्रॉली मोजताना फूट-इंचाचा टेप असला की इंचांना बाराने भागण्यात घोळ होतो. दशांशाच्या टेपने लांबी १०.४, रुंदी ६.२, उंची २.१ आली की मोबाइलवर सरळ गुणाकार करायचा: १३५.४ घनफूट, म्हणजे १.३५ ब्रास. तात्यांनी एकाच ट्रॉलीवर तो वापरून बघितला आणि मला सांगून टाकलं, “हा आता परत न्यायचा नाही.” गुंठ्याच्या तेहतीस फुटांनाही तो चालतो. भारतात हा प्रकार दुकानात मला कुठे दिसला नाही, कुणी येणार असेल तर मागवून घ्या.

लांबी शंभर फुटीच घ्या, उलट्या बाजूला ती तीस मीटर होते. दोनशे फुटी टेप एकट्याने गुंडाळताना जीव जातो आणि ताणाची चूकही दुप्पट होते. रीळ उघडं असावं, बंद डब्याच्या टेपमध्ये वाळू अडकते आणि आकडे खरवडले जातात. उघड्या रिळाला संध्याकाळी पाण्याखाली धरून फडक्यातून ओढत गुंडाळलं की पुरे. इथे मला तो तीस ते चाळीस डॉलरमध्ये मिळत आला आहे. निव्वळ ऑफिसात बसून ड्रॉइंग करणाऱ्याने घ्यायची गरज नाही. ज्याच्या कामात १९९० च्या दशकातला एकही पूल आहे, त्याने हा गाडीत ठेवावा.